चार तोंडं, सात भोकं

सकाळी, गार असताना, ती जास्त बोलते.
फट् फट् फट्.
तापली की जरा गप्प.
"मॅनिफोल्डचं गॅस्केट गेलंय बे," बंदेनवाज म्हणाला,
"लोखंड फुगलं की फट मिटते,
तुला वाटतं बरी झाली."
अक्कलकोट रोडला त्याच्या पत्र्याखाली
बासष्ट सालची फियाट, बॉनेट वर,
दाताच्या डॉक्टरापुढं आ करून बसल्यागत.

नान्ना स्टुलावर.
चौतीस वर्षं मागांच्या खडखडाटाला दिलेले कान
आता चष्मा अडकवण्यापुरते.
ते उठले, कुणाला विचारलं नाही,
चालू इंजिनाजवळ तळहात नेला,
पहिल्या नळीपाशी, दुसऱ्या,
तिसऱ्यापाशी थांबला.
"इकडं फुंकायलंय."
तळव्यावर काजळीचा ठिपका,
टिकलीएवढा.

तीन दिवस नटांना रॉकेल पाजलं.
सहा निघाले, कुरकुरत.
सातवा स्टड आतच राहिला, मान मोडून.
त्या 'कट्'नंतर बंदेनवाज जे बोलला
ते नान्नांना ऐकू आलं नाही, बरं झालं.
मग ठुटक्यावर नवा नट वेल्ड केला,
लालभडक असतानाच पाना लावला,
पाव फेरा, मागं, पाव फेरा,
बाहेर मे महिना, आत मे महिना,
आणि तो सुटला, दुधाच्या दातासारखा.

जुनं गॅस्केट उचलताना तुटलं
कडक भाकरीसारखं.
नवं कुठं मिळेना.
सात रस्त्याचा दुकानदार नुसता हसला.
पुण्याचा म्हणाला, आहे,
पण भाव बसून ऐका.

बंदेनवाजनं ग्राफाईटची शीट आणली,
हातोडी घेतली.
नान्नांनी त्याच्या हातातून शीट काढून घेतली.

घरी माळ्यावर एक पत्र्याचा डबा होता.
त्यात जकार्डचे पंच, तेलाच्या फडक्यात,
बारक्यापासून मोठ्यापर्यंत, एकही न हरवलेला.
या माणसानं कार्डांना भोकं पाडली जन्मभर.
भोक तिथं धागा उठणार,
नाही तिथं दबून राहणार,
एवढ्यावर मोर उठले चादरींवर, हत्ती उठले,
कुणाकुणा नवराबायकोची नावं.
मग कॉम्प्युटर आला
आणि मोर किलोवर रद्दीत गेले.

मॅनिफोल्डच्या तोंडाला त्यांनी ग्रीस माखलं,
कागद दाबला, ठसा घेतला,
तो शीटवर उतरवला.
चार मोठी तोंडं कात्रीनं, हळू.
सात भोकं पंचानं, एकेका घावात.
मी म्हटलं, भोक स्टडापेक्षा मोठं होतंय.
बोटानं दाखवलं, तसे म्हणाले,
"केसभर मोठंच पाहिजे.
तापल्यावर ते सरकणार.
सरकणाऱ्याला धरून ठेवलं की तुटतंय."
आणि सातव्या, नव्या स्टडाकडं बघितलं.
माझ्याकडं नाही बघितलं.
मी मिलला नाही म्हणून हैदराबादला गेलो होतो,
तेव्हाही ते असंच
कुठंतरी तिसरीकडं बघत होते.

मधला नट आधी.
मग इकडं एक, तिकडं एक,
कडेचे शेवटी.
बंदेनवाज आवळायला, मी बॅटरी धरायला.

चावी फिरवली.
गाडी एखाद्या म्हाताऱ्या बाईनं
भांडण मनात ठेवावं तशी चालू झाली.
फट् नाही.
बंदेनवाजचा पोऱ्या नाचला.
मी ओरडलो, "बंद झालं, नान्ना!"
सवयीनं.
त्यांनी तळहात नेला तिसऱ्यापाशी,
बराच वेळ तिथंच धरला.
मग पालथा करून बघितला.
कोरा.
"हं," म्हणाले. "उद्या गार झाली की परत आवळा."

रात्री सदरा धुवायला टाकताना
त्यांच्या खिशात पंचानं पडलेल्या काळ्या चकत्या सापडल्या.
मोजल्या.
आठ.
शीट आणून बघितली, गॅस्केट आठवून बघितलं,
आठवं भोक कुठं पाडलं
कुणास ठाऊक.